बुरशीच्या पावसातली टोपली

मित्रांनो, ही गोष्ट १९६९ सालची. ट्युनिशियातल्या मकथरच्या डोंगरावर त्या शरदात पाऊस आला, तो जायचं नावच घेईना. तेव्हाही मी जुनीच होते. मी हल्फा गवताची, झाकण असलेली टोपली. म्बारका आजीने नवी नवरी असताना मला विणलं. गवत भिजवून, ठेचून, बोटं रक्ताळेपर्यंत वळलं. माझी वीण इतकी घट्ट, की बायका म्हणत, "हिच्यातून पाणी भरून आणावं!"

माझं काम मानाचं होतं. भाकरी ही देवाची देणगी; ती टाकायची नाही, तिच्यावर पाय पडू द्यायचा नाही. वाटेत तुकडा दिसला तरी आजी तो उचलून ओठांना लावी आणि उंचावर ठेवी. घरातले उरलेले तुकडे माझ्यात पडत. आमच्या कोरड्या वाऱ्यात ते दगडासारखे वाळत. मग आजी ते ताकाच्या निवळीत भिजवून शहबाला घाली. शहबा म्हणजे मेंढ्या राखणारी करडी कुत्री. तिच्या जिवावर सारं घर निर्धास्त झोपे.

त्या पावसात मात्र मी वाळलेच नाही. घट्ट वीण, वर झाकण. आत वारा शिरेना. तुकड्यांवर हिरवट-काळी बुरशी धरली.

आजीची नात हनिया नाक मुरडून म्हणाली, "आजी, कुबट वास येतोय गं याला."

"येतोय तर नाक धर. लोकांची घरं वाहून गेली, आणि तू भाकरीला नावं ठेवतेस?"

आजीने सुरीने बुरशी खरवडली, तुकडे उकळले आणि शहबापुढे ठेवले. आगीने सगळं शुद्ध होतं, असा तिचा पक्का समज.

हळूहळू शहबा मलूल झाली. मग ओकू लागली, नुसती पाण्याच्या भांड्याशी पडून राहू लागली. तिचं पिल्लू नूवारा नुकतंच अंगावरचं दूध सोडून खायला लागलं होतं. तेही आईच्याच ताटलीत तोंड घाली. आजीला संशय आला शेजारच्या जिलानीचा, कारण शहबा त्याच्या कोंबड्यांमागे लागायची. निवडुंगाच्या कुंपणाशी उभी राहून आजी ओरडली, "जिलानी! मुक्या जिवाला विष घालताना हात कसा झडला नाही तुझा?"

"मावशी, या पुरात मला पीठ मिळेना, विष कोण देतंय?"

"दात काढू नकोस! वर बघणारा आहे."

शहबाच्या हिरड्या, डोळे, कानांची आतली कातडी हळदीसारखी पिवळी झाली. शेवटी काळं रक्त पडू लागलं. हनिया तिचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. एका सकाळी ते डोकं जड झालं.

पुरातून वाचलेली जनावरं तपासायला गुरांचे डॉक्टर गावात आले, तोवर नूवाराही पिवळी पडली होती. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला.

"यकृत बिघडलंय. खाते काय ही?"

हनियाने मला उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. झाकण उघडताच त्यांनी मान फिरवली.

"आई, ही बुरशीच विष आहे. खरवडून जात नाही, उकळून जात नाही. थोडं थोडं करत यकृत खाऊन टाकते. माझ्याकडे यावर औषध नाही. हे आजच बंद करा, ताजं, साधं खायला घाला. वाचली तर त्यानेच वाचेल."

"मग या भाकरीचं काय करू?"

"पुरून टाका. कोंबडीलासुद्धा घालू नका."

"भाकरी पुरू? अहो, लोक तोंडात शेण घालतील माझ्या! देवाला काय सांगू?"

हनिया म्हणाली, "आजी, शहबाला पुरलंच ना आपण?"

आजी उठली. कुदळ घेऊन तिने कुंपणाशी खड्डा खणला. एकेक तुकडा कपाळाला लावून ती आत ठेवत गेली. ओठांना मात्र हनियाने लावू दिला नाही. मला घासून धुतलं, उन्हात टाकलं. पण पुन्हा माझ्यात अन्न कधी ठेवलं नाही. लोकर ठेवली, आणि पुढे तीही नाही.

नूवारा जगली, पण खुरटलेलीच राहिली. मेंढ्यांमागे चढण तिला कधी झेपली नाही. दारात बसून ती भुंकत असे. जिलानी त्याच हिवाळ्यात घर मोडून राजधानीला गेला आणि तिथेच वारला. 'चुकले रे' एवढं म्हणायला आजी निघाली होती, तर त्याच्या दाराला कडी. आजीही थकून गेली. हनिया आता स्वतःच आजी आहे. कुत्र्याचं खाणं ती उजेडात धरून बघते, हुंगते, मगच घालते. सुना हसतात, हसू देत.

मित्रांनो, यकृत कण्हत नाही. ते सोसत राहतं, आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून तुमच्या कुत्र्याने हुंगून तोंड फिरवलं, तर त्याच्यावर रागावू नका. शहबानेही पहिल्या दिवशी तोंड फिरवलं होतं. आजीने पाठीवरून हात फिरवून तिला चुचकारलं, "खा गं माझी राणी," म्हटलं.

मग तिने खाल्लं.