गोड लागेपर्यंत

सायन्सच्या बाईंचं चित्त आज थाऱ्यावर नव्हतं. फोन टेबलाच्या खणात होता आणि खण मुद्दाम अर्धा उघडा ठेवलेला. दवाखान्यातून ताईचा फोन येणार, बाईंनी 'हो' म्हणायचं, की डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या, अण्णांच्या, नाकातून पोटात नळी घालणार. अर्धांगाचा झटका आल्यापासून अण्णांना गिळताच येत नव्हतं. घास भलतीकडेच जाई आणि ठसक्यानं जीव घाबरा होई. ताईनं हात झटकले होते: "सायन्सचं तुला कळतं, तूच ठरव."

सातवीच्या वर्गात बाईंनी ब्रेडचे तुकडे वाटले. "चावत राहा. गोड लागेपर्यंत कुणी गिळायचं नाही."

सगळा वर्ग रवंथ करायला लागला. मागच्या बाकावरच्या भामट्यांनी केव्हाच गिळून पुन्हा हात पसरले. बाईंनी फळ्यावर लिहिलं: दातांनी बारीक करणं हे यांत्रिक पचन, लाळेनं स्टार्चची साखर होणं हे रासायनिक. खडू दोनदा मोडला. डोळा खणावरच होता.

सगळे जिला शंकासुर म्हणत ती किडकिडीत मुलगी गालात तुकडा धरून उठली. "बाई, अन्न पातळ करून थेट पोटात घातलं तर?"

बाईंनी खणाकडे पाहिलं. "चालतं. पुढचं काम जठर आणि आतडी करतात. माणूस जगतो."

"पण त्याला गोड नाही लागणार."

"नाही."

"मग आधी त्याला विचारत असतील ना?"

तेवढ्यात फोन थरथरला. बाई व्हरांड्यात धावल्या.

"डॉक्टर खोळंबलेत," ताई म्हणाली. "सांग पटकन."

"अण्णांना विचारलंस?"

"त्यांना बोलता कुठे येतंय?"

"ऐकू येतं. हात दाबता येतो." बाईंना स्वतःचीच लाज वाटली. इतके दिवस दोघी बहिणी त्यांच्या उशाशी बसून कुजबुजत होत्या, जणू अण्णा खोलीत नव्हतेच.

फोनमध्ये ताईचा आवाज लांब गेला. बाई येरझाऱ्या घालत राहिल्या. मग ताई नाक ओढत परत आली. "हात दाबला. घाला म्हणतायत. पण माझ्या डब्याकडे बोट दाखवतायत गं."

"डॉक्टरांना विचार, जिभेला नुसतं गोडाचं बोट लावलं तर चालेल का."

बाई वर्गात आल्या. शंकासुर अजून चावतच होती.

"बाई, लागलं गोड. गिळू?"



"गीळ," त्या म्हणाल्या. "सावकाश."