टेपखालचा दिवा

डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते.

माझी मीना मखमलाबादहून रोज स्वतः गाडी चालवत सिन्नरला कंपनीत जाते, ट्रकांच्या मधून. महिनाभर त्या गाडीत एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला. मी रोज म्हणायचे, "अहो, बघा जरा." आमचे कुंदनराव म्हणायचे, "गाडी पळतेय ना? मग झालं."

शेवटी मीच गॅरेजला नेली. समाधान मेकॅनिकनं मशीन लावलं, सीटखाली हात घातला आणि पिवळ्या वायरींचं सॉकेट दाखवलं. हिरवं पडलेलं, गंजलेलं.

"ताई, गाडीतून फुलं नेता का?"

नेतात की! टेम्पो चुकला की आमच्या मळ्यातल्या शेवंतीची ओली पोती सीटपुढं कोंबून हेच बाजारात जातात, पाणी सगळं सीटखाली गळतं.

"गाडी ठोकली तर फुगा उघडायचा नाय," समाधान म्हणाला. "सॉकेट बदलावं लागंल. मग चावी फिरवली की हा दिवा जरा वेळ लागंल आन विझंल. तसं झालं म्हणजे काम बरोबर."

गाडी तिथंच ठेवली. दुसऱ्या दिवशी हे घेऊन आले. दिवा गेलेला. मी देवापुढं साखर ठेवली.

आज सकाळी वायपरनं काच पुसावी म्हणून मी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, तेवढा एक लागलाच नाही. पुन्हा फिरवली. नाहीच.

समाधानला फोन लावला. आधी त-त प-प केलं, मग म्हणाला, "ताई, सॉकेट यायला आठ दिवस लागणार होते. दादाच म्हणाले, दिव्यावर आतून टेप लाव, बाईची कटकट तरी थांबंल."

"आन तू लावलीस, मेल्या?" मी फोन आपटला.

हे ओट्यावर चहा फुंकत बसले होते. मी कप हिसकावला. "माझं तोंड बंद करायला पोरीच्या जिवाशी खेळता? लाज नाय वाटत?"

"अगं, रोज काय ॲक्सिडेंट होतोय का?"

"एकदाच होतो!"

तेवढ्यात मीना डबा घेऊन बाहेर आली. "आई, चावी दे. उशीर होतोय."

मी चावी यांच्या हातात कोंबली. "द्या. तुमच्या हातानं द्या तिला."

हात काही पुढं होईना. "आज... बसनं जा, बाळा."

"का हो पप्पा? दिवा तर तुम्हीच नीट करून आणलात ना?"

यांनी चावी खिशात टाकली.

"बोला की," मी म्हणाले. "आता का गप्प?"