चित्र गोठलंय

ठकीनं खोलीचं दार आतून लावलं. खोलीत दुसरं कुणी असता कामा नये, असा परीक्षेचा नियम. आई असली तरी नाही. मी म्हटलं, अगं, मी काय तुला उत्तरं सांगणार आहे? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही! पण नियम म्हणजे नियम. मग मी बाहेर पॅसेजमध्ये, इंटरनेटच्या डबीसमोर ठाण मांडलं.

ठकी म्हणजे आमची मुलगी. नाव चांगलं ठेवलंय, पण हाक हीच. तिला शिक्षिका व्हायचंय. लेखी परीक्षा तिनं झोकात पार केली. उरली ती तोंडी, आणि तीही ऑनलाइन. आणि आमची ठकी बोलताना अडते. अडते म्हणजे त-त-प-प होत नाही तिचं. शब्द घशाशी येऊन थांबतो आणि ती गप्प होते. मग कधीतरी तो सुटतो. आज सुटला नाही तर प्रवेश गेला, आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही.

मी पार्लर चालवते. दिवसभर हातात कात्री आणि तोंडात गप्पा. तुझ्या पोटी अशी मुलगी कशी, असं बायका विचारतात. मी त्यांचे केस जरा जास्तच कापते.

गेलं वर्षभर ठकी एका बाईंकडे बोलायला शिकतेय. बाई कुठल्याशा लांबच्या गावात राहतात. आम्ही त्यांना फक्त पडद्यावर पाहिलंय, तेही खांद्यापर्यंत. पण काय शिकवलंय म्हणून सांगू! पूर्वी शब्द अडला की ठकी डोळे मिटायची, मान झटकायची, स्वतःलाच चिमटे काढायची. बाईंनी एकेक सवय सोडवली. शब्द ढकलायचा नाही, ताठ बसायचं, कॅमेऱ्यात बघायचं आणि वाट बघायची. आता ठकी अडली तर तिची पापणीसुद्धा लवत नाही.

"तू पार्लरमध्ये जा ना," ठकीचे बाबा खुर्चीतून म्हणाले. "इथं बसून काय अंडी उबवणार आहेस?"

"तुम्ही गप्प बसा. आणि तो पंखा बंद करा आधी."

"पंख्यानं नेट जातं होय?"

"खडखड आत जाते त्याची!"

बिचारे घामाघूम होत बसले.

आतून आवाज यायला लागले. परीक्षक दोघे होते, एक बाई आणि एक साहेब. नाव, गाव, शिक्षण सगळं झालं. ठकी छान बोलत होती आणि मी इकडे जीव मुठीत धरून. मग साहेबांनी विचारलं, "लहान मुलांना बेरीज कशी शिकवाल?"

"आधी मी त्यांना..." ठकी म्हणाली, आणि शांत झाली.

ही शांतता मी तिच्या लहानपणापासून ऐकतेय. पण तेवढ्यात साहेब म्हणाले, "हॅलो? हॅलो? चित्र गोठलंय. तुमचं नेट गेलं वाटतं."

नेट! ज्याच्यासाठी मी पहारा देत होते तेच! डबीवर दिवे लुकलुकत होते, पण मला मेलीला दिव्यातलं काय कळतंय? नेट अडकलं की आमच्या घरात एकच औषध: वायर काढायची आणि परत लावायची. मी वायर उपटली.

आत खुर्ची सरकली, दार उघडलं. ठकी लालबुंद झाली होती.

"नेट चालू होतं!" ती म्हणाली. "मी अडले होते, आई. शब्द येत होता. आलाच होता!"

"अगं, पण ते म्हणाले गोठलंय..."

"मी हलत नव्हते म्हणून!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी उठून मुकाट्यानं वायर लावली. तुटलं तर एकदाच परत जोडता येतं, दुसऱ्यांदा तुटलं की संपलं, असाही नियम होता. नेट येईपर्यंत ठकी दारात उभी राहिली. माझी तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

"तुम्ही बसा डबीपाशी," मी ह्यांना म्हटलं. "मी हात लावायला आले तर फटका मारा."

"मारीन," ते म्हणाले. माझं म्हणणं इतक्या चटकन त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

परत जोडणी झाली. साहेबांचा सूर बदलला होता. "हं, बोला लवकर. नाहीतर पुन्हा जाईल."

लवकर! अहो, ठकीला हा शब्द म्हणजे विष. ती म्हणाली, "आधी मी त्यांना..." आणि पुन्हा काही नाही.

"परत गोठलं बघा," साहेब म्हणाले. "मॅडम, पुढच्या उमेदवाराला घ्यायचं का?"

मी उठलेच. वाटलं, दार ढकलून आत जावं आणि ओरडावं, अहो, धडधडीत जिवंत बसलीय माझी पोर! ह्यांनी माझा दंड धरला.

तेवढ्यात आत टकटक झाली. ठकी टेबलावर बोट वाजवत होती. टक, टक, टक. थांबेचना.

"अहो, आवाज येतोय की," परीक्षक बाई म्हणाल्या. "हात हलतोय तिचा. नेटला काही झालेलं नाही. थांबा जरा."

साहेब थांबले. टकटक चालूच राहिली.

"...मणी देईन," ठकी म्हणाली. "हातात. मोजायला." आणि मग गाडी रुळावर आली. मुठीत किती लपवले, दुसऱ्या मुठीत किती, दोन्ही उघडल्यावर किती, सगळं तिनं सांगितलं.

साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि घसा खाकरला. "उत्तर चांगलं आहे. पण स्पष्टच विचारतो. वर्गात असं झालं तर? मुलं हसतील, गोंधळ घालतील. तेव्हा काय कराल?"

मी दाराला कान लावला. ह्यांनी डोळे मिटून घेतले. टकटक पुन्हा सुरू झाली. या वेळी मध्ये कुणीच बोललं नाही, साहेबही नाहीत.

"माझी मामेभावंडं माझ्याकडे व्हिडिओवर गणित शिकतात," ठकी म्हणाली. "लहान आहेत. पहिल्या दिवशी हसली." टक, टक, टक. "मग थांबायला लागली. घाई... घाई मोठ्यांना असते."

पलीकडून काही आवाज नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी डबीकडे बघितलं.

"आहे, आहे नेट," ते कुजबुजले.

"बरोबर आहे तुमचं," साहेब आतून म्हणाले. आवाज खाली आला होता. "पुढचा प्रश्न विचारतो. हवा तेवढा वेळ घ्या."

मी जमिनीवर बसले आणि रडले. आवाज आत जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला होता.