आठ नळकांड्यांचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दांडा आहे. माझ्या अंगावर ओळीने आठ तिरपी नळकांडी जोडलेली आहेत. मला पाहून कोणाला काही आठवेल असे वाटत नाही. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याचीही मला खात्री नाही. तरीही सांगतो, कारण आता फारसा वेळ उरलेला नाही.

माझा जन्म १९९५ साली कुवेतमधल्या अम्गरा भागात झाला. तिथे भंगाराचे डोंगर आणि लोखंडकामाच्या शेडी आहेत. मोडीत निघालेल्या एका बसमध्ये प्रवाशांनी धरायचा दांडा होता, तो म्हणजे मी. मुस्तफा नावाच्या वेल्डरने मला कापले आणि माझ्यावर आठ नळकांडी बसवली. मला बनवून घेणारे विजयकुमार मूळचे नाशिकचे. ते तेल कंपनीत इंजिनिअर होते आणि समुद्राकाठच्या मंगफला राहत. त्यांनी कागदावर माझे चित्र काढून आणले होते, प्रत्येक नळकांड्याचा कोन लिहून.

मुस्तफा चित्र उलटसुलट करून म्हणाला, "साब, इसपे कपड़े सुखाएगा क्या?"

"मच्छी पकडेगा," विजयकुमार लाजून म्हणाले.

त्यांना एका सहकाऱ्याने जुने अमेरिकन मासिक दिले होते. तिकडच्या तळ्यांत क्रॅपी नावाचा मासा असतो. तो थव्याने राहतो, पण आज किती खोलीवर असेल ते सांगता येत नाही. म्हणून होडीच्या नाकाडावर एक आडवा दांडा बसवायचा, त्यात आठ गळकाठ्या पंख्यासारख्या रोवायच्या, प्रत्येकीचा गळ वेगळ्या खोलीवर सोडायचा आणि होडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू चालवायची. ज्या काठीचे टोक वाकेल, त्या खोलीवर बाकीच्या सातही आणायच्या. विजयकुमारांनी तो लेख इतक्या वेळा वाचला होता की पाने सुटी झाली होती. मासा मात्र त्यांनी आयुष्यात कधी पकडला नव्हता.

होडी होती मुनव्वरच्या मालकाची. मुनव्वर रत्नागिरीकडचा. शेजारच्या फहाहीलमधल्या एका दुकानात तो घड्याळे दुरुस्त करी. दुकानाचा म्हातारा कुवेती मालक आता समुद्रावर जात नसे, त्याने आपली लहान फायबरची होडी शुक्रवारपुरती मुनव्वरच्या हवाली केली होती. विजयकुमार घड्याळ दुरुस्तीला गेले आणि बोलता बोलता गळाने मासे गरवण्याचा विषय निघाला, असे मी ऐकले आहे.

पहिल्या शुक्रवारी आमची फजिती झाली. इंजिन कितीही मंद केले तरी होडी पुढे धावे, गळ मागे उडत आणि आठही तंगूस, म्हणजे गळाचे नायलॉनचे दोरे, एकमेकांत वेणीसारखे गुंतत. विजयकुमार मासिकात तोंड घालून बसले.

"काय लिवलाय त्यात?" मुनव्वरने विचारले.

"लिहिलंय, तंगूस सरळ खाली राहायला हवा."

"तां माका पण ठावं हाय. कसा, तां लिवलाय?"

"तेवढं पान फाटलंय."

मुनव्वर हसून हसून खाली बसला. मग त्याने एक रिकामी बादली दोरीला बांधून होडीमागे पाण्यात सोडली. बादलीच्या ओढीने होडी एकदम शहाणी झाली. "ह्या तळ्यातल्या विद्येक दर्याची भरती ठावं नाय, साहेब," तो म्हणाला. "आपण भांगाला येऊया. अष्टमीच्या आगंमागं पाणी सुस्त असतां."

तेव्हापासून त्या दोघांचा एक नेमच झाला. विजयकुमार भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहत, मुनव्वर अरबी महिन्याचा चांद मोजी. दोघांचा हिशेब एकाच शुक्रवारी येऊन थांबे. मग आम्ही निघत असू. नुवेबी नावाचा मासा मिळे. पहिला वर आला तेव्हा मुनव्वर ओरडला, "अरे, ह्यो तर आपलो ढोमो!" त्या दिवशी माझ्यावरच्या आठही काठ्यांची टोके लागोपाठ वाकली. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मुनव्वरचे दोन नियम होते. एक, माझ्या उजव्या टोकाला दोरीने एक सुरी बांधलेली असायची. गुंता झाला तर शोधाशोध नको, हात टाकला की सुरी मिळाली पाहिजे. दुसरा, परत आल्यावर मंगफच्या इमारतीखाली, राखणदाराकडची नळी घेऊन तो मला गोड्या पाण्याने धुई, एकेक नळकांडे आतून. विजयकुमार म्हणत, "उद्या धुऊ की." तो म्हणे, "मीठ उद्यापर्यंत वाट नाय बघत, साहेब."

अशी चार वर्षे गेली.

१९९९ च्या जुलैमध्ये विजयकुमारांची मुलगी शर्वरी कॉलेजसाठी पुण्याला निघाली. ती कधी होडीवर आली नव्हती. जायच्या आधीचा शुक्रवार एकच उरला होता आणि दोन दिवसांपूर्वी पौर्णिमा होऊन गेली होती.

"उधाण हाय," मुनव्वर म्हणाला. "आज दोनच काठ्या लावूया."

"ती परत कधी येणार, मुनव्वर? तिला आठही बघू दे."

"Baba, it's okay," शर्वरी म्हणाली. पण विजयकुमारांनी आठही रोवल्या.

ओहोटी लागली. पाणी असे ओढू लागले की मागची बादली असून नसल्यासारखी झाली. तीन तंगूस गुंतले आणि त्यांतला एक तळाशी खडकात अडकला. मुनव्वरने तो हाताने मोकळा करायला घेतला, तेवढ्यात होडीला हिसका बसला आणि तंगुसाचा वेढा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर आवळला. त्याचा डावा हात माझ्या टोकाकडे आला.

तिथे नुसती दोरी होती.

मुलगी येणार, तिच्या हाताला लागायला नको, म्हणून सकाळीच विजयकुमारांनी सुरी सोडून पेटीत ठेवली होती. पेटी डब्यांच्या खाली होती. ते डबे उपसू लागले. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. माझ्या अंगावर रक्त पडत होते, एवढे मला आठवते.

मुनव्वरची दोन बोटे पुन्हा कधी वाकली नाहीत. घड्याळातला स्क्रू धरणारी तीच बोटे होती. मालकाने त्याला काही महिने काउंटरवर बसवले. मग तो कायमचा रत्नागिरीला गेला. विजयकुमार दवाखान्यात दर संध्याकाळी जात, फळे नेत, विमानतळावरही पोहोचवायला गेले. बाकी सगळ्या गोष्टी ते बोलले. सुरीबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढला नाही. हे मला ठाऊक आहे, कारण नंतर गॅलरीत माझ्याजवळ उभे राहून ते स्वतःशीच म्हणत, "आज फोन करू. उद्या करू."

त्या दिवशी मला कोणी धुतले नाही. त्यानंतरही नाही. मी गॅलरीत पडून राहिलो. विजयकुमारांच्या पत्नी उल्काताई माझ्यावर ओले पंचे टाकत. मुस्तफाचे म्हणणे अखेर खरे झाले.

२००७ साली विजयकुमार निवृत्त झाले. घर आवरताना मला भंगारात द्यायचे ठरले. त्या दुपारी त्यांनी माझ्याशेजारी बसून अखेर रत्नागिरीचा नंबर लावला. फोन मुनव्वरच्या बायकोने, ताहिराभाभींनी घेतला. फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू आले. मुनव्वर गेल्या रमजानात वारला होता.

 विजयकुमार एका दमात म्हणाले, "भाभी, ती सुरी मीच काढून ठेवली होती. मला सांगायचं होतं."

"त्यांका ठावं होतां, भाऊ," ताहिराभाभी म्हणाल्या. "म्हणायचे, पोरीसाठी काढलान असंल, मी पण काढली असती. म्हणायचे, साहेबाचो फोन येल." मग त्यांनी विचारले, "तो दांडो हाय काय अजून? धुता ना त्याला?"

विजयकुमारांनी फोन खाली ठेवला. न्हाणीघरातून बादली भरून आणली आणि मला धुऊ लागले, एकेक नळकांडे आतून, मुनव्वर धुई तसे. लाल-तपकिरी पाणी फरशीभर झाले. मीठ आतून खात गेले होते, तिसरे नळकांडे त्यांच्या हातातच गळून पडले. ते तुटलेले नळकांडे त्यांनी खिशात ठेवले.

आता मी अम्गरालाच आहे, जिथून निघालो होतो तिथे. एकदोन दिवसांत भट्टीत जाईन. मला उपदेश करता येत नाही, मित्रांनो, आणि माझ्यासारख्याने तो करूही नये. पण तुमच्याकडे समुद्रावरून आलेली एखादी वस्तू असेल, तर ती त्याच दिवशी धुवा. आणि कोणाला काही सांगायचे राहिले असेल, तर तेही.

मला धुतले, पण आठ वर्षांनी. पाणी गोडच होते.