तांडेलच्या अंगावरचा पिवळा कोट

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मगच माझ्याजवळ या. मी कोट आहे, जुना, आणि तोही माणसाचा नाही, कुत्र्याचा. मला तीनदा सोड्याच्या पाण्यात उकळून झालं, दिवसच्या दिवस उन्हात टांगून झालं, तरी माझा वास जात नाही. आमच्या बुरोंडी गावात सुक्या मासळीच्या वासात जन्म काढलेली माणसंसुद्धा माझ्याजवळून जाताना तोंड फिरवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. माझी मलाच किळस येते.

मला नेत्राने शिवलं. नेत्रा म्हणजे होडीवाले आप्पा आणि त्यांची बायको कमळा यांची लेक. मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात ती नमुने बेतायची. कारखाना बंद पडला तशी शिलाईचं मशीन घेऊन ती गावी आली आणि पडवीत बसून कुत्र्यांचे कपडे शिवू लागली. शहरातली माणसं कुत्र्यांना हौसेने कपडे घालतात, हे तिने पाहिलं होतं. हे चाललं नाही तर पुन्हा मुंबईला जाऊन कुणाच्या तरी हाताखाली राबायचं, एवढंच तिच्यापुढे उरलं होतं. म्हणून तिने मला जीव लावून शिवलं. वर रेनकोटचं पिवळंधमक कापड, आत मऊ फ्लॅनेलचं अस्तर, पोटाखाली दोन पट्टे आणि गळ्याशी बटण. मी फारच देखणा होतो. शाम्पूने न्हालेल्या, गुबगुबीत अशा कुठल्यातरी कुत्र्याच्या अंगावर आपण मिरवणार, असं मी धरूनच चाललो होतो.

माझ्या नशिबी आला तांडेल.

होडीवर ज्याचा शब्द चालतो त्याला तांडेल म्हणतात. आप्पांचा हा कुत्रा पिल्लू असल्यापासून होडीच्या पुढच्या टोकावर उभा राहायचा, म्हणून त्याचं हे नाव. वय नऊ वर्षं, रंग राखाडी आणि खोडी अशी की किनाऱ्यावर सडका खेकडा दिसला की त्याच्यावर पाठ घासून यायचं. शी! आणि त्याच्या गोचिडी! कानामागे, बगलेत, बोटांच्या फटीत, रक्त पिऊन शेंगदाण्याएवढ्या फुगलेल्या. मला पहिल्यांदा त्याच्या अंगावर चढवलं तेव्हा दोन गोचिडी सरळ माझ्या अस्तरावर चालत आल्या. मला पोट असतं तर मी तिथेच ओकलो असतो.

गोचिडी होत्या म्हणूनच तर मी त्याच्या वाट्याला आलो. नेत्राने कडुलिंबाचा पाला, करंजेल आणि गवती चहा घालून एक तेल केलं होतं. ते माझ्या अस्तरावर शिंपडायचं, मला कुत्र्याला घालायचं आणि चार दिवस काढायचं नाही. चार दिवसांत गोचिडी गळतील, असा तिचा हिशेब. रोज एक फोटो काढून ती तो मोबाइलवर टाकणार होती, म्हणजे लोकांना खात्री पटेल.

पहिल्या दिवशी चार-पाच गोचिडी खरंच गळल्या. पण पाऊस श्रावणातला. तांडेल दोनदा बाहेर जाऊन आला आणि अस्तरातलं तेल धुऊन निघालं. नेत्रा हिरमुसली. आप्पांना ते बघवेना. ते उठले आणि होडीजवळचा डबा घेऊन आले. होडी पावसाळ्यात वर ओढली की तिच्या लाकडाला किडा लागू नये म्हणून ते माशाचं तेल फासतात. माशांच्या काळजांचं ते तेल, काळपट आणि चिकट. त्याचा वास सांगायला मला शब्द नाहीत.

"माझ्या होडीला तीस वर्षांत किडा लागला नाय," आप्पा म्हणाले. "ह्याला काय गोचीड धरतेय?"

नेत्रा जरा घुटमळली. पण हेही तेल निसर्गातलंच होतं, आणि बाप कधी नव्हे तो तिच्या कामात हात घालत होता. तिने मला त्या तेलात बुडवून पिळलं आणि पुन्हा तांडेलच्या अंगावर चढवलं. लाकडाला रक्त नसतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

पुढचं सांगताना मला अजून शिसारी येते, पण सांगायलाच हवं. माझं वरचं कापड वारा आत येऊ देईना. आत घाम, तेल आणि ऊब. बगलेत गोचिडी फुटल्या होत्या, नेमका तिथेच माझा पट्टा घासत होता. कातडी सोलली. वासाने माश्या आल्या, पट्ट्याखालून आत शिरल्या आणि त्या ओल्या जखमेत अंडी घालून गेल्या. तांडेलने मला दातांनी ओढून काढायचा प्रयत्न केला. नेत्राला वाटलं हा हट्ट करतोय. तिने पट्टा आणखी एक घर आवळला.

तिसऱ्या दिवशी माझ्या अस्तराला खाली वळवळ जाणवली. त्याच सकाळी नेत्राने तांडेलला होडीवर बसवून फोटो काढला. पिवळा कोट, मागे समुद्र, आणि तांडेल अर्धे डोळे मिटून गप्प बसलेला. लोकांना तो फोटो फार आवडला. किती शहाणा, किती शांत, कोटात किती गोड दिसतोय, असं काय काय लिहून आलं. कोटाला मागणी आली, तेलाला त्याहून जास्त. नेत्रा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवत होती. खरं सांगतो मित्रांनो, खाली अळ्या वळवळत होत्या आणि ते कौतुक ऐकून मला वर बरं वाटत होतं. त्या अळ्यांपेक्षा मला त्याचीच जास्त घाण वाटते.

चौथ्या दिवशी कमळाने तांडेलपुढे बांगड्याचं डोकं टाकलं. त्याने मान वळवली नाही. कमळा जन्मभर मासळी विकत आलेली बाई. मासा ताजा की शिळा हे ती डोळे मिटून नाकाने सांगते. घरातले सगळे माशाच्या तेलाचा वास म्हणून नाक दाबत होते, पण ती खाली वाकली आणि तिने माझ्या पट्ट्याशी नाक नेलं.

"हा तेलाचा वास नाय," ती म्हणाली. "आत मास कुजतंय."

नेत्रा म्हणाली, एवढा शेवटचा फोटो काढते, मग उतरवते.

"आधी उतरव गो. फोटो कोणाचा काढशील, मेलेल्याचा?"

बटण चिकटून बसलं होतं. कमळाने मासे कापायची सुरी आणून मला गळ्यापासून पोटापर्यंत उभं चिरलं. मी बाजूला पडलो, आणि माझ्यासोबत अळ्यांचा मोठा पुंजका पडवीत सांडला. बगलेत बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. नेत्रा अंगणात जाऊन ओकली. आप्पा आपल्या हातांकडे बघत उभे राहिले आणि मग रडायला लागले. त्यांनी आणि नेत्राने तांडेलला पोत्यात गुंडाळून रिक्षात घातलं आणि दापोलीला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तासभर चिमट्याने अळ्या काढत होते, हे मी नंतर ऐकलं. आणखी एक दिवस गेला असता तर कुत्रा हाती लागला नसता, असं ते म्हणाले. मग हात धुता धुता त्यांनी एकच विचारलं, की चार दिवसांत कोणी एकदाही कोटाखाली हात घालून बघितलं नाही का.

घरी आल्यावर नेत्राने मोबाइल उघडला. तिसऱ्या दिवसाच्या फोटोला अजून कौतुक येत होतं. तिने तो काढून टाकला असता तर कोणाला काही कळलं नसतं. पण तिने तांडेलच्या जखमेचा फोटो काढून त्याच्याशेजारी लावला आणि लिहिलं, की तो फोटो काढला तेव्हा कोटाखाली हे होतं. लोकांनी तिला वाटेल ते बोलून घेतलं. मागणी एका दिवसात थांबली. गणपती झाल्यावर ती मुंबईला गेली, दुसऱ्याच्या कारखान्यात नमुने बेतायला.

आप्पा मला जाळायला निघाले होते. जाताना नेत्राने तेवढं करू दिलं नाही. मला पडवीतच टांगून ठेवा, म्हणाली, म्हणजे आपली चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मुक्या जिवाला कोट घाला, तेल लावा, हवे तेवढे फोटो काढा. पण रोज ते उतरवा आणि त्याच्या अंगावरून, बगलेतून, कानामागून हात फिरवा. घाण लागेल, किळस येईल, तरी फिरवा. आणि तो एकाएकी शहाणा झाला, तर आनंदून जाऊ नका.

तांडेल वाचला. बगलेत केस उगवले नाहीत, पण होडी पाण्यात उतरली तेव्हा तो पुढच्या टोकावर उभा होता. संध्याकाळी आप्पांच्या मागोमाग तो घरी येतो. पडवीच्या पायरीशी थांबतो, वर माझ्याकडे बघतो. भुंकत नाही, गुरगुरतही नाही. सगळ्या घराला वळसा घालून तो मागच्या दाराने आत जातो. नऊ वर्षं तो ज्या दाराने घरात आला, ते दार त्याने माझ्यामुळे सोडलं.