धाकटीच्या हातचं

कुंभारीण दारात येऊन बोलायला लागली तेव्हा धाकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत तुतीच्या रसात बुडालेले होते.

"काय गं, एवढा माज चढला तुला? म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास नासवताना लाज नाही वाटली?"

धाकटी बघतच राहिली. कुंभारीण शेजारची. तिच्याशी कधी आवाज चढवून बोलणं झालं नव्हतं.

"अगं, झालं काय ते तरी सांग."

"माझा सासरा नुकता तापातून उठलाय. अन्न पोटात ठरत नाही. तुझा तुतीचा पाक घातलेला बर्फ तेवढा मागतो. म्हणून काल उन्हातान्हाची पळत जाऊन वाडगाभर घेऊन आले. एक चमचा तोंडात घेतला आणि थुंकला. म्हणतो, ती बाई मेली का गं? हे कुणी केलंय? जीभ बघ जाऊन त्याची, अजून लालभडक आहे."

"लाल?" धाकटीनं हात वर काढले. कोपरापासून बोटांपर्यंत काळेजांभळे. "हा रंग बघ. ह्यातून लाल कुठून निघेल?"

"ते मला काय विचारतेस? बाटली तुझी, गाडी तुमची, आणि तुझा दीर चौकात बोंबलतोय, धाकटीच्या हातचं घ्या, धाकटीच्या हातचं घ्या म्हणून!"

कुंभारीण तणतणत निघून गेली.  धाकटी उठली, आणि दीर गाडीचं सामान ठेवायचा त्या मागच्या पडवीत हातही न धुता गेली.

शेताच्या बांधाकडेच्या तुती तिनं स्वतः लावल्या होत्या. नुसता मुरूम तिथं, गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. लग्न होऊन आली त्या वर्षी काड्या रोवल्या, डोक्यावरून पाणी नेऊन जगवल्या. उन्हाळा लागला की पहाटे चादर पसरून झाडं हलवायची, फळं निवडायची, हातानं कुस्करून फडक्यातून पिळायची. साखर घालून मंद जाळावर ठेवायचं, वर येणारी मळी काढत राहायची, आणि पाक बोटाला चिकटला की लिंबू पिळून खाली उतरवायचा. घाई केली तर करपतो, आळस केला तर आंबतो. ह्या पाकावर घरची गाडी उभी राहिली होती. थोरला दीर गल्ल्यावर बसायचा, नवरा बर्फ किसायचा. थोरल्याला सगळं गाव कारभारी म्हणायचं, कारण काम दुसऱ्याचं असलं तरी हुकूम त्याचा असायचा.

पडवीत पोत्याखाली प्लास्टिकचे कॅन होते. एकाचं झाकण उघडून तिनं बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आधी नुसतं गोड, मग कडू, मग घशात खरखर. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कॅन उचलून ती तशीच चौकाकडे निघाली. ऊन मी म्हणत होतं. वाऱ्यावर रानातली माती उडून डोळ्यांत जात होती, पण तिनं पदर तोंडाशी धरला नाही.

गाडीभोवती गर्दी होती. तिनं कॅन फळीवर आपटला.

"भावजी, हे काय?"

कारभारी हसला. "अगं, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? घरी बोलू."

"इथंच बोलायचं. माझा पाक कुठं जातो?"

कारभारी वाकून हळू बोलला, "शहरातल्या मोठ्या दुकानात जातो. तिथल्या लोकांना चव कळते. इथल्यांना काय, थंड आणि लाल दिसलं की झालं."

"जरा मोठ्यानं सांगा की! सगळ्यांना ऐकू द्या!"

कारभारी गल्ला आवरू लागला. मग धाकटीच गर्दीकडे वळली. "ऐका रे! आमचे भावजी म्हणतात, तुम्हाला चव कळत नाही! माझा पाक शहराला, आणि तुम्हाला हे रंगाचं पाणी! वर नाव माझं!"

 एका लोहारानं हातातला बर्फाचा गोळा धुळीत भिरकावला आणि कारभाऱ्याला आईवरून शिवी दिली. कारभारी ओरडला, "घरची अब्रू चव्हाट्यावर आणतेस?"

"अब्रू तुम्हीच बाटलीत भरून विकलीत!"

एवढं बोलून ती नवऱ्याकडे वळली. तो बर्फ किसायच्या यंत्राच्या चाकाला धरून उभा होता. चाक फिरायचं थांबलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

तो चाकाकडेच बघत राहिला. "दादापुढे काय बोलणार..."

"दादापुढे नका बोलू. माझ्यापुढे बोलायचं होतं! रोज माझ्यासमोर बसून जेवता, तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

त्यानं चाकावरचा हात काढून घेतला. धाकटीनं यंत्राचं पातं ओढून काढलं, पदरात गुंडाळलं. फळीवरच्या आपल्या बाटल्या एकेक करून गटारात रिकाम्या केल्या आणि काखेत मारल्या. मागे बर्फाची लादी पाझरत राहिली.

कारभाऱ्यानं त्या दिवसापासून चूल वेगळी केली. शहरातून नवं पातं आणलं आणि तेच कॅन उघडउघड फळीवर मांडले. धाकटीला वाटलं होतं, आता तिकडे कुत्रंही फिरकणार नाही. थोडे दिवस नाहीच फिरकलं. मग उन्हाचा तडाखा वाढला आणि लोक पुन्हा तिथंच रांग लावू लागले. तो शिवी देणारा लोहारही एकदा लाल ओठ पुसत तिच्या दारावरून गेला. तिनं भांडं असं आदळलं की त्यानं दचकून मागे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिच्या दारातही माणसं येत होती, पण मोजकीच. काढलेलं पातं तिनं सुताराकडून लाकडी फळीत बसवून घेतलं होतं. त्यावर बर्फ घासायला जोर लागायचा, दंड भरून यायचे. कुंभाराचा म्हातारा काठी टेकत यायचा, ओट्यावर बसून वाडगा चाटूनपुसून संपवायचा आणि उठायचा. कुंभारीण आता तिच्यासोबत फळं निवडायला बसायची. त्या भांडणाबद्दल दोघींनी पुन्हा चकार शब्द काढला नाही.

नवरा कारभाऱ्याकडे गेला नाही. कुणी न सांगता सरपण फोडू लागला, चुलीपुढे बसू लागला. एका सकाळी पाकावरची मळी काढता काढता त्यानं चाचरत विचारलं,

"अजून राग गेला नाही का?"

धाकटीनं त्याच्या हातातून पळी घेतली.

"नाही गेला. इतक्यात जाणारही नाही. जाळ मागे ओढा, पाक खाली लागेल."

त्यानं लाकूड मागे ओढलं.