शंभराच्या आतली बाग

सावरखेड्याच्या बाजाराला लागून पूर्वी जनावरं उतरायची एक मोकळी जागा होती. गावाला म्युनिसिपल कमिटी मिळाली, चार पांढरपेशी मंडळी संध्याकाळची हवा खायला बाहेर पडू लागली, तेव्हा त्या जागेभोवती काटेरी तार आली, कडुनिंबाची आणि बकुळीची रोपं आली, दोन दगडी बाकं आली, आणि लोक तिला कमिटीची बाग म्हणू लागले. बागेत विहीर होती, पण फाल्गुन सरला की तिच्यात बेडकालाही पोहता यायचं नाही. म्हणून झाडांना पाणी द्यायचं काम कमिटीनं तारेपलीकडच्या मळेवाल्या प्रयागबाईकडे दिलं होतं. तिच्या विहिरीला बारमाही पाणी होतं. एका पायानं लंगडणारा नवरा जानराव मोट हाकायचा आणि ती पदर खोचून, हातात फावडं घेऊन, पाट फोडत नि बांधत झाडाझाडाशी पाणी पोचवायची.

ही गोष्ट मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची. कमिटीचा कायदा असा होता, की शंभर रुपयांपर्यंतचं काम अध्यक्षांनी आपल्या सहीनं कोणालाही द्यावं. शंभराच्या वर एक आणा गेला तरी दवंडी पिटायची आणि चार लोकांत उतरती बोली करायची. जो सगळ्यांत कमी मागेल त्याचं काम. प्रयागबाईचं काम साठ रुपये सालापासून सुरू झालं, वाढत वाढत पंच्याण्णववर आलं आणि तिथंच थांबलं. बाग मात्र थांबली नाही. एका साली पेरूच्या दोन ओळी आल्या, पुढच्या साली कण्हेर आली, आणि यंदा कोंडवाड्याकडची पडीक जमीनही तारेत घेऊन तिच्यावर नवी रोपं लावली.

कमिटीचे सेक्रेटरी भगवंतराव मनानं वाईट नव्हते. दिवाळी आली, की ते स्वतः प्रयागबाईला बोलावून घ्यायचे आणि सांगायचे, "बाई, शंभराच्या आत राहा. वर गेलात की काम माझ्या हातात राहत नाही. कोण कुठला येईल, झाडं मारील." प्रयागबाई मान डोलवायची. तिलाही बोलीची भीती वाटायची. बकुळीचं पहिलं झाड तिनं कडेवरच्या लेकरासारखं जगवलं होतं. ते दुसऱ्याच्या हाती जाणं तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

पण त्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी दोन्हीकडे पुरेना. बाग हिरवी राहिली आणि तिच्या स्वतःच्या मळ्यातली वांगी फुलावर असतानाच वाळली. बाजारात तिच्या शेजारी बसणारी कमलीबाई भाजीवाली म्हणाली, "प्रयागे, यंदा वांगे काहून नाही आनले वं? तुह्या वांग्याले तं कारंज्याचे लोक इचारतेत."

"पानी नाही पुरलं," प्रयागबाई म्हणाली.

"तुह्या इहिरीले पानी नाही पुरलं?" कमलीबाई हसली. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. पण ते हसणं प्रयागबाईच्या डोक्यातून जाईना. रिकामी टोपली घेऊन घरी आली, तर जानराव बैलांना चारा टाकत होता. त्याला तिनं सांगितलं. त्यानं हातातली पेंढी खाली ठेवली. मग म्हणाला, "आपुन कमिटीचे झाडं जगवून राह्यलो, अन् आपले मारून राह्यलो. तूच पाह्य मंग."

तिनं पाहिलं. दसरा झाल्यावर ती भगवंतरावांच्या कचेरीत गेली आणि उंबऱ्याच्या आत, नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसली.

"साहेब, यंदा मले दीडशे पाह्यजेत."

भगवंतरावांनी चष्मा काढला. "बाई, दीडशे म्हणजे बोली."

"माहीत हाये मले."

ते उठून दारापर्यंत गेले, बाहेर कोणी नाही असं बघून परत आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एक तोड आहे. जुनी बाग हे एक काम, नवी बाग हे दुसरं काम. एकाचे नव्वद, दुसऱ्याचे साठ. दोन्ही शंभराच्या आत. अध्यक्षांची सही मी घेतो."

प्रयागबाईला दीडशे रुपये डोळ्यांसमोर दिसले. मोह झाला. हो म्हणायला तोंडही उघडलं तिनं.

"हे असं चालते काय, साहेब?"

"चालवलं तर चालतं."

त्या उत्तरानं तिचं मन मागं सरलं. त्यात पाप आहे की नाही, हे तिला ठरवता आलं नसतं. पण यंदा दोन तुकडे केले, तर आणखी दोन सालांनी तिसरा करावा लागेल, आणि दर दिवाळीला भगवंतरावांच्या मर्जीनं आपण इथं असंच बसायचं, हे तिला स्पष्ट दिसलं. ती उठली.

"नाही साहेब. पिटा दवंडी. इतके साल मी तुमच्याजोळ बसून बोलली. एक डाव उभी राहून बोलतो म्हना."

भगवंतरावांना वाईट वाटलं. "आणि काम गेलं तर?"

"गेलं तं गेलं," ती म्हणाली खरी, पण घरी जाताना तारेशी थांबून बकुळीकडे एकदा बघून आली.

दवंडी पिटली. बोलीच्या दिवशी कचेरीपुढच्या चिंचेखाली दहा-वीस माणसं जमली. त्यातली निम्मी नुसती पाहायला आलेली. बोलणारे तिघेच होते. एक प्रयागबाई. दुसरा पुंजाजी पाटील, जो गावातल्या प्रत्येक लिलावात दोन बोल्या लावून घरी जायचा. आणि तिसरा अनसिंगहून आलेला मदनसिंग. त्याच्याकडे दोन बैलगाड्या आणि पाण्याची लोखंडी पिंपं होती. सडकेच्या कामावर तो पाणी पुरवायचा. उंच, शांत माणूस होता तो. आल्याबरोबर त्यानं प्रयागबाईला रामराम केला.

दीडशेपासून बोली सुटली. पुंजाजी आधी एकशे पंचेचाळीस, मग एकशे चाळीस म्हणाला आणि तपकीर ओढत बाजूला झाला. मदनसिंग एकशे तीस म्हणाला. प्रयागबाई एकशे पंचवीस म्हणाली. आपला आवाज इतक्या पुरुषांत असा मोठा निघतो, हे तिला त्या दिवशीच कळलं. मदनसिंग एकशे वीस म्हणाला. ती एकशे अठरा म्हणाली. मदनसिंग थोडा थांबला आणि एकशे दहा म्हणाला.

जानराव तिच्या कानाशी येऊन पुटपुटला, "शंभर म्हन. काम हातचं जाते."

टेबलामागून भगवंतरावही तिच्याकडेच बघत होते. तिनं शंभर म्हटलं असतं, तर सगळं जसं होतं तसंच पुढं चाललं असतं. तिला वाळलेली वांगी आठवली.

"माह्यं झालं," ती म्हणाली.

भगवंतरावांनी तीनदा विचारलं आणि मदनसिंगचं नाव लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तारेखालून बागेत जाणारा पाट चिखलानं बुजवला. जानराव मी करतो म्हणत होता, पण तिनं त्याला फावडं दिलं नाही. नंतर महिना-दीड महिना बाजाराला जाताना ती बागेवरून गेलीच नाही. कोंडवाड्याला वळसा घालून जायची. मळ्यात मात्र पाणी मुबलक झालं. मेथी आली, सांभार म्हणजे कोथिंबीर आली, पौषात वांगी अशी लागली की झाडं वाकली. कमलीबाईनं एक वांगं हातात घेऊन दोनदा फिरवून पाहिलं आणि आपल्या टोपलीत टाकलं. प्रयागबाईनं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

एकदा घाई होती म्हणून ती बागेवरून गेली. झाडं तजेलदार होती. मदनसिंगची माणसं नदीच्या डोहातून पिंपं भरून आणत आणि प्रत्येक बुंध्याशी बादलीनं पाणी ओतत. तिला जरा बरं वाटलं आणि जरा लागलंही. आपल्यावाचून झाडांचं काही अडलं नव्हतं.

चैत्रात डोह आटला. कमिटीची विहीर तर आधीच कोरडी पडली होती. मदनसिंगच्या गाड्या लांबच्या तळ्यावर जाऊ लागल्या आणि दिवसाच्या चारऐवजी दोनच खेपा होऊ लागल्या. जुन्या झाडांना त्याचं काही वाटलं नाही, पण नव्या रोपांनी माना टाकल्या. एका दुपारी मदनसिंग मळ्यात आला आणि मोटेच्या बैलांच्या उतरत्या वाटेशी, धावेच्या तोंडाशी, पागोटं काढून बसला.

"मावशी, तुमच्या इहिरीचं पानी पाह्यजे," तो सरळ म्हणाला. "मी बोली लावली तवा पान्याचा अंदाज चुकला माहा. डोह आटते, हे मले कोनी सांगितलं नाही, अन् मीबी कोनाले इचारलं नाही."

जानरावानं मोट थांबवली. "रोजचा एक रुपया पडन," तो वरूनच ओरडला. "नाही तं राहू द्या."

 मान खाली घालून मदनसिंगनं ते ऐकून घेतलं. प्रयागबाई वाफ्यातून उठली. या माणसावर आपल्याला राग यायला हवा, असं तिला वाटत होतं, पण तो काही येईना. त्यानं चोरी केली नव्हती. चार लोकांत बोलला होता आणि आता चार पावलं चालून मागायला आला होता.

"अवो, रुपया रोज म्हंजे त्याहीनं घरून पैसे घालावं काय?" ती नवऱ्याला म्हणाली. मग मदनसिंगकडे वळली. "पाऊस येईपर्यंत एक दिसाआड पानी देतो. महिन्याचे आठ रुपये. पन मोटेले बैल तुमचे लागतीन. आमचा एक थकला आता."

"कबूल."

"अन् नवे रोपं मी पाह्यतो. बादलीनं वरून पानी ओतता तुमी, त्यानं माती घट्ट होते. दुसरे झाडं तुमचे मानसं पाहोत."

मदनसिंग पहिल्यांदा हसला. "मावशी, त्याचेबी पैसे सांगा."

"त्याचे नाही," ती म्हणाली आणि फावडं शोधायला लागली.

असे ते अडीच महिने गेले. मदनसिंगचे तरणे बैल मोटेला जुंपले, की जानराव खूश व्हायचा. मोटेच्या दोरावर, सौंदरावर बसून तो गळा काढून गायचा आणि मदनसिंगच्या माणसांना मोट हाकायच्या खुब्या सांगायचा. काही रोपं गेली, बरीचशी तगली. मदनसिंगला त्या साली फायदा झाला की तोटा, हे त्यानं कधी सांगितलं नाही. पण पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला आणून दिले.

पावसाळा संपता संपता भगवंतराव स्वतः मळ्यात आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. जानरावानं घोंगडी टाकली, तिच्यावर ते अवघडून बसले. चेहरा आनंदी होता.

"बाई, कमिटीत ठराव झाला. आता दोनशेपर्यंत बोली नाही. अध्यक्षांच्या सहीवर काम देता येतं. तुम्ही दीडशे म्हणाला होतात ना? उद्या या, अंगठा द्या."

जानरावाचा चेहरा उजळला.  प्रयागबाईनं त्यांच्यासमोर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

"साहेब, तुमी माह्यासाठी आले, लय झालं. पन दवंडी पिटता येते ना? मना तं नाही?"

"मना नाही. पण गरज काय?"

"मदनसिंग येइन, पुंजाजी येतीन. आता त्याहीलेबी माहीत हाये पानी कितीक लागते, अन् मलेबी माहीत हाये. होऊ द्या बोली."

 भगवंतराव चिडले नाहीत. थोडे हिरमुसले, इतकंच. गूळ तोंडात टाकून म्हणाले, "बरं. तुमची मर्जी."

चिंचेखाली पुन्हा माणसं जमली. पुंजाजीनं आपल्या रिवाजाप्रमाणे दोन बोल्या लावल्या. मदनसिंग एकशे पंचेचाळीस म्हणाला. प्रयागबाई एकशे चाळीस म्हणाली. मदनसिंगनं मनाशी हिशेब केला, मान हलवली आणि म्हणाला, "याच्याखाली मले नाही परवडत. मावशीले द्या."

 घरी जाताना जानराव म्हणाला, "दीडशे घरी चालून आले होते, प्रयागे. दहा रुपये सोडले तू."

"व्हय," ती म्हणाली. "सोडले."

"मले वाटलं, तुले दुःख होइन."

"दुःख कायचं? चला लवकर, बैल उन्हात बांधेल हायेत."

तो लंगडत तिच्यामागून निघाला, आणि ती त्याच्यासाठी थोडी हळू चालू लागली.